अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे घर

आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, हिशेबाच्या वहीत ‘दानधर्म’ या नावाचे एक खाते फार पूर्वीपासून आहे. सुगीच्या सणाला उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात जो लिलाव होतो, त्याचे बरेचसे उत्पन्न या खात्यात जमा होते. गावाकडे शेती असलेली कुटुंबे ज्वारी, भोपळे, गावठी कोंबड्या आणि अंडी घेऊन येतात. ज्यांची शेती केव्हाच सुटली ती मंडईतून काहीतरी विकत आणून ठेवतात, आणि मग एखाद्या साध्या लिंबासाठी दोन घरांत अशी चढाओढ लागते की त्याची बोली पाचशेच्या पुढे जाते. पुण्यातील आमच्यासारख्या मध्यमवर्गीय मराठी मंडळीत देणाऱ्यांची वाण कधीच नव्हती. अडचण होती ती खर्चाच्या बाजूला. हे पैसे नाताळातील ब्लँकेटे, रुग्णालयातील फळवाटप आणि शाळा सुरू होतानाच्या वह्या यांत दरवर्षी संपत, वार्षिक सभेत अहवाल वाचला जाई, टाळ्या वाजत आणि विषय पुढच्या सुगीपर्यंत मिटे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीने खजिनदारपद माझ्याकडे दिले. त्या वर्षी नाताळच्या आठवड्यात तरुण संघाची मुले पुणे स्टेशनच्या परिसरात ब्लँकेटे वाटायला निघाली, तेव्हा मीही त्यांच्याबरोबर गेले. उड्डाणपुलाखाली झोपलेल्या एका एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने ब्लँकेट हातात घेतले, चाचपून पाहिले आणि परत दिले. “काकू, रात्रीचं ठीक आहे,” तो म्हणाला, “पण दिवसा हे ठेवू कुठं? कामावर डोक्यावर घेऊन जाऊ का?” तो केटरिंगवाल्याकडे ताटे धुण्याचे काम करत होता, म्हणजे बेकार नव्हता. बोलण्याच्या ओघात कळले की तो एका बालगृहात लहानाचा मोठा झाला होता, बारावीपर्यंत शिकला होता आणि अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर बाहेर पडला होता. बाहेर पडून कुठे जायचे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते असे नाही. सांगितलेल्या ठिकाणी तो काही महिने राहिलाही होता. ते सुटले आणि मग पुलाखाली जागा मिळाली.

आम्ही जे पुढे केले ते कसे केले, अशी विचारणा आता इतर मंडळ्यांकडून होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम आम्हाला कायदा समजून घ्यावा लागला, कारण तरुण संघातील उत्साही मुलांचा पहिला प्रस्ताव असा होता की स्टेशनवर सापडणाऱ्या मुलांना चर्चच्या सभागृहात रात्री झोपू द्यावे. अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत हे करता येत नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार पालकांपासून दुरावलेले किंवा बेवारस मूल कोणाला आढळले तर चोवीस तासांच्या आत त्याची माहिती चाइल्डलाइन, पोलीस, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला द्यावी लागते. मूल ताब्यात घेतल्यावर त्याला चोवीस तासांत समितीपुढे हजर करावे लागते आणि प्रवासाचा वेळ तेवढा त्यातून वगळला जातो. नोंदणीशिवाय मुलांना ठेवणारी संस्था चालवणे हा गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हे सर्व जाचक वाटले तरी ते योग्यच आहे, असे माझे मत आहे. मदतीच्या नावाखाली मुले कोण कुठे नेऊन ठेवतो, यावर कोणाची तरी नजर हवीच, आणि चर्च त्याला अपवाद का असावे? त्यामुळे स्टेशनवर लहान मूल दिसले तर चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकाला फोन करायचा आणि मदत येईपर्यंत त्याच्याजवळ थांबायचे, एवढेच आम्ही तरुण संघाला पक्के शिकवले. १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली ही सेवा २०२३ पासून शासनाने आपल्या यंत्रणेत घेतली असली तरी क्रमांक तोच आहे.

अठराव्या वर्षानंतर मात्र चित्र उलटे होते. तिथे अडवणारा कायदा नसतो आणि जबाबदारी घेणारेही फारसे कोणी नसते. कायद्याच्या ४६ व्या कलमात अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणांना आधार देण्याची तरतूद आहे. ती एकविसाव्या वर्षापर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत लागू होते. राज्यात अनुरक्षणगृहेही आहेत आणि केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा तरुणांसाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे. पुण्यात खोलीचे भाडे काय असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या रकमेबद्दल अधिक सांगण्याची गरज नाही. त्यातही अर्ज, गृहभेट, मंजुरी आणि खात्यावर पैसे पडणे यांत जे महिने जातात, त्या काळात मुलगा झोपतो कुठे, हा प्रश्न कोणत्याही नमुन्यात विचारलेला नाही.

एका बालगृहाच्या अधीक्षकांनी आम्हाला बराच वेळ दिला. त्यांनी रजिस्टर उघडून जन्मतारखांचा रकाना दाखवला, तेव्हा मी थोडी चक्रावले. निम्म्याहून अधिक मुलांची जन्मतारीख १ जून होती. ज्या मुलाची खरी तारीख कोणालाच माहीत नसते, त्याला शाळेत घालताना ही तारीख लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. माझ्या वडिलांचीही तीच होती. परंतु वडिलांच्या बाबतीत तिचा परिणाम फार तर निवृत्तीच्या दिवसावर झाला, इथे मात्र एकाच दिवशी कितीतरी मुले कागदोपत्री सज्ञान होतात आणि त्यांना निरोप द्यावा लागतो. बारावीचा निकाल नुकताच लागलेला असतो, महाविद्यालयांचे प्रवेश व्हायचे असतात आणि पाऊस तोंडावर आलेला असतो. “आम्ही शक्य तेवढे दिवस ढकलतो,” अधीक्षक म्हणाले, “पण मागची लहान मुले खाटेची वाट बघत असतात.”

त्या भेटीनंतर कमिटीपुढे आम्ही प्रस्ताव ठेवला की दानधर्माच्या खात्यातून वस्तूंचे वाटप बंद करून एक सदनिका भाड्याने घ्यावी, आणि बालगृहातून बाहेर पडणाऱ्या चार मुलांना स्वतःच्या पायावर उभे राहीपर्यंत तिथे राहू द्यावे. चर्चा सोपी नव्हती. ब्लँकेटवाटप बंद करायला काहींचा मनापासून विरोध होता, कारण त्या एका संध्याकाळी मंडळीतील लहान मुलेही हातभार लावतात आणि त्यांना देण्याची सवय लागते. हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही. दुसऱ्या बाजूने असा सूर होता की चर्चच्या आवारातच खोल्या बांधाव्यात. वसतिगृह बांधले की त्याला पाटी लागते आणि राहणारा पुन्हा ‘संस्थेतला’ ठरतो, म्हणून मी त्याला विरोध केला. अंधेरीचे स्नेहसदन जेझुइट फादरांनी १९६२ मध्ये सुरू केले, तेव्हापासून तिथे रेल्वे स्थानकांवरची मुले मोठ्या वसतिगृहाऐवजी छोट्या घरांत, घरच्यासारख्या देखरेखीखाली राहत आली आहेत. तेच उदाहरण आमच्या पाळकसाहेबांनी सभेपुढे ठेवले.

पण सभेचे मन वळले ते एका वयोवृद्ध सभासदांच्या बोलण्याने. ते सहसा सभेत बोलत नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की आपल्यापैकी किती घराण्यांचा मूळपुरुष दुष्काळात मिशनच्या अनाथालयात वाढला, हे हात वर करून सांगावे. नगर जिल्ह्यातून आलेल्या कुटुंबांत ही गोष्ट सर्वांना माहीत असते, फक्त ती उघडपणे बोलली जात नाही. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली पुणे जिल्ह्यातील केडगावला आणल्या, हे आम्ही अभिमानाने सांगतो. आपली पणजी तशाच एखाद्या तांड्यातून आली असेल, हे सांगताना आवाज खाली येतो. त्या दिवशी बरेच हात वर झाले. ठराव मंजूर झाला.

ठरावात एक कलम पाळकसाहेबांच्या आग्रहाने घातले गेले: राहणाऱ्या मुलांवर उपासनेला येण्याची, प्रार्थनेची किंवा धर्माविषयी काहीही ऐकून घेण्याची अट नसेल, आणि मंडळीतील कोणीही त्यांना तसे सुचवणार नाही. यावरही वाद झाला. अर्पणाच्या थैलीतून आलेला पैसा आहे, तर मुलांनी निदान नाताळाला तरी यावे, असे काहींना वाटत होते. ज्याच्या डोक्यावर आपण छप्पर धरले आहे त्याचा होकार खरा मानता येत नाही, हे पाळकसाहेबांचे उत्तर होते आणि त्यावर कोणी पुढे बोलले नाही.

पैशाच्या बाबतीत माझा बँकेतील अनुभव उपयोगी पडला. लिलावाची एकरकमी कमाई अनामत रकमेला आणि सामानाला पुरते, भाड्याला नाही. भाडे दर महिन्याला द्यावे लागते आणि सुगी वर्षातून एकदा येते. म्हणून आम्ही मासिक वर्गणीच्या पाकिटाबरोबर दुसरे छोटे पाकीट सुरू केले. त्यात शंभर, दोनशे, जे जमेल ते, पण वर्षभर न चुकता देण्याचे वचन मागितले. ज्यांच्याकडे रोख नसते त्यांच्यासाठी दाराशी क्यूआर कोड लावला. मोठ्या देणग्यांपेक्षा या लहान पाकिटांवरच काम चालले आहे, हे वही पाहिली की लगेच कळते. सर्वांत नियमित पाकीट घरकाम करणाऱ्या एका बाईंचे आहे आणि सर्वांत अनियमित कोणाचे, ते मी लिहिणार नाही.

दोन गोष्टी मात्र सभासदांना समजावताना दमछाक झाली. एक म्हणजे निव्वळ धार्मिक न्यासाला दिलेल्या देणगीवर आयकरातील ८०जी ची सवलत मिळत नाही. ज्यांना ती पावती हवी होती, त्यांना आम्ही सरळ नोंदणीकृत धर्मादाय संस्थांकडे पाठवले. दुसरी म्हणजे परदेशातील पैसा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही, पण ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले त्याची ठरते, आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांविषयीच्या कायद्याखालील, नोंदणीशिवाय ती स्वीकारता येत नाही. ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या आमच्या एका सभासदाच्या मुलाने वर्षभराचे भाडे देऊ केले होते. ते नाकारताना मला वाईट वाटले आणि त्याच्या आईला राग आला. तो राग अजून पूर्ण गेलेला नाही.

घर शोधताना खरी परीक्षा झाली. एजंटने ‘बॅचलर’ हा शब्द ऐकताच निम्म्या सोसायट्या यादीतून काढल्या. उरलेल्यांत पहिला प्रश्न ठरलेला होता: आईवडील कुठे असतात? मुलांना आम्ही काय सांगायचे ते आधी शिकवले नव्हते आणि शिकवायचेही नव्हते. एका ठिकाणी सर्व बोलणी होऊन टोकन देण्याच्या वेळी घरमालकांनी हे ऐकले आणि त्यांच्या पुतण्याला अचानक त्या घराची गरज निर्माण झाली. अखेर शहराच्या कडेला, तीन मजली इमारतीत, एसटीतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी वरचा मजला दिला. अट एकच होती की करार मंडळीच्या न्यासाच्या नावे असावा आणि तक्रार आली तर रात्री कोणाला फोन करायचा, तो नंबर खरा असावा. तो नंबर माझा आहे. लिव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार रीतसर नोंदवला, पोलिसांना भाडेकरूंची माहिती कळवली आणि मुले राहायला आली, प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याची प्लास्टिकमध्ये घातलेली प्रत घेऊन.

घर मिळाल्यावर कागदांचा फेरा सुरू झाला. बालगृहातील मुलाचे आधार कार्ड असते, बँकेत खातेही असते. पण आधारवरचा पत्ता संस्थेचा आणि त्याला जोडलेला मोबाइल नंबर तेव्हाच्या एखाद्या कर्मचाऱ्याचा असतो. मुलगा बँकेत उभा असतो, ओटीपी भलत्याच माणसाच्या फोनवर जातो आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. आमच्यातील एका मुलाचा ओटीपी ज्यांच्याकडे जात होता, ते काका सोलापूरला मुलीकडे राहायला गेले होते. सुदैवाने ते दुपारी झोपत नसत, त्यामुळे पहिले काही व्यवहार त्यांना फोन करून, आकडे विचारून पार पडले. मोबाइल नंबर बदलायला कोणताही दाखला लागत नाही, आधार केंद्रात बोटांचे ठसे पुरतात, ही गोष्ट कोणी आधी सांगितली असती तर मुलांचे बरेच हेलपाटे वाचले असते. बालपणीचे संयुक्त खाते सज्ञान झाल्यावर स्वतंत्र करायला नव्याने केवायसी करावे लागते. एका शाखेत काउंटरवरच्या अधिकाऱ्याने मुलाला “पालकांना घेऊन ये” असे सांगितले, तेव्हा मी पुढे होऊन नियम दाखवला. मी त्याच खुर्चीवर बसलेली असते तर मीही कदाचित तसेच म्हणाले असते. अनाथ प्रमाणपत्राला तर त्याहून वेळ लागला, पण ते सोडून चालत नाही, कारण शासकीय नोकऱ्यांत आणि शिक्षणात अनाथांसाठी राज्याने २०१८ पासून ठेवलेला १ टक्का त्या कागदाशिवाय मिळत नाही.

राहणे सुरू झाल्यावर ज्या अडचणी आल्या, त्यांची मी मुळीच कल्पना केली नव्हती. पहिल्या आठवड्यात रात्री नऊच्या सुमारास फोन आला. मला वाटले, शेजाऱ्यांची तक्रार असेल. थोरल्या मुलाने विचारले, “मॅडम, जेवू का आम्ही?” स्वयंपाक तयार होता, चौघे ताटे घेऊन बसले होते, इतकी वर्षे घंटा झाल्याशिवाय जेवण सुरू झाले नव्हते, त्यामुळे आता कोणी सांगायचे, हे त्यांना कळत नव्हते. महिला मंडळाच्या दोघींनी त्यांना महिन्याचा किराणा भरायला शिकवले. पन्नास मुलांसाठीची डाळ ज्यांनी निवडली होती, त्यांना चार माणसांना किती वाट्या लागतात याचा अंदाज नव्हता आणि सुरुवातीला बरेच अन्न वाया गेले. विजेचे बिल पाहून तर चौघेही हादरले.

त्या पहिल्याच भाद्रपदात मुलांनी दीड दिवसाचा गणपती आणला. छोटीशी शाडूची मूर्ती, स्टुलावर मांडलेली, मागे कोणाच्या तरी बेडशीटचा पडदा. कमिटीतील एक सभासद नेमके त्याच दिवशी घराची पाहणी करायला गेले, मोदक खाऊन आले आणि रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाले, “आपल्या पैशांत हे?” मी त्यांना सांगितले की भाडे आपले आहे, घर त्यांचे आहे. त्यांनी ठरावाचे कलम पुन्हा वाचायला मागितले आणि वाचून गप्प बसले. दुसऱ्या महिन्यापासून त्यांचे पाकीट थांबले, आणि जवळजवळ वर्षाने, काही न बोलता, पुन्हा सुरू झाले.

चौघांपैकी एकाने आयटीआयमध्ये फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण केला आणि तो चाकणच्या एका कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागला. पहिला विद्यावेतनाचा पैसा हातात आल्यावर त्याने भाड्यातील आपला वाटा देऊ केला आणि आम्ही तो घेतला, कारण नाकारणे हा त्याचा अपमान झाला असता. दुसरा हॉटेलात काम करून मुक्त विद्यापीठातून पदवी करत आहे. तिसरा औषधाच्या दुकानात आहे आणि सर्वांत काटकसरी आहे. चौथा काही महिन्यांत न सांगता निघून गेला. त्याची किल्ली दाराच्या चौकटीवर ठेवलेली सापडली. तो सुरतेला आहे आणि बरा आहे, इतके त्याने नंतर इतरांना कळवले. कमिटीत याची ‘अपयश’ म्हणून नोंद करावी असे कोणी तरी म्हणाले. मी अहवालात ‘स्थलांतर’ लिहिले. आपल्या स्वतःच्या मुलांपैकी कोणी विशीत घर सोडून दुसऱ्या शहरात गेले तर आपण जे म्हणतो, तेच त्याच्याबद्दल म्हणावे, असे मला वाटते. त्याच्या जागी आता दुसरा मुलगा आला आहे. पुलाखाली ब्लँकेट परत देणाऱ्या त्या मुलाला आम्ही शोधले, पण केटरिंगवाल्याने हंगाम संपल्यावर माणसे सोडली होती आणि तो पुन्हा भेटला नाही.

आता प्रश्न मुलींचा आहे. मुलींच्या बालगृहातून बाहेर पडणाऱ्या तरुणींसाठी तसेच घर घ्यायचे ठरले असून दुसऱ्या पाकिटाची रक्कम त्याला जेमतेम पुरेल इतकी झाली आहे. मुलांच्या वेळी जे प्रश्न घरमालक विचारत होते, ते मुलींच्या वेळी संपूर्ण सोसायटी विचारते: रात्री किती वाजता येणार, भेटायला कोण येणार, जबाबदार कोण. मंडळीतील एक निवृत्त मेट्रन त्यांच्याबरोबर राहायला तयार झाल्या आहेत आणि त्यामुळे एका सोसायटीने निदान विषय सभेपुढे घ्यायचे मान्य केले आहे. ती सभा येत्या रविवारी सकाळी, नेमकी आमच्या उपासनेच्या वेळी आहे. पाळकसाहेबांनी मला त्या दिवसापुरती सुट्टी दिली असून न्यासाचे नोंदणीपत्र, पहिल्या घराचा करार आणि आमच्या एसटीवाल्या घरमालकांनी स्वहस्ते लिहून दिलेली चिठ्ठी घेऊन मेट्रनबाई आणि मी तिकडे जाणार आहोत.